सड्यावरची सोनकी

दसऱ्याच्या दिवशी आपल्या घरांच्या दारांवर झेंडूची तोरणे लागतात. शेवंतीच्या वेण्या देवघरात जातात. ही दोन्ही फुले आपल्या इतकी अंगवळणी पडली आहेत की ती मूळची या भूमीतील नव्हेत, हे एखाद्यास सांगितले तर तो हसण्यावारी नेईल. परंतु झेंडू मेक्सिको देशाकडून आला आणि शेवंती चीनमधून आली. त्याच कुटुंबातील सूर्यफूल उत्तर अमेरिकेतील, डेलिया पुन्हा मेक्सिकोतील, आणि ज्याच्या तेलावर व चटणीवर आपली कित्येक घरे वाढली तो कारळाही इथिओपियातील. या कुटुंबास वनस्पतिशास्त्रात सूर्यफूल कुल म्हणतात. जगात त्याच्या सुमारे २५ हजार जाती आहेत. मग आमच्या वर्गातील एका मुलीने एकदा विचारले, "गुरुजी, या एवढ्या कुटुंबात आपले स्वतःचे असे कोणीच नाही का?"

आहे, पण ते बाजारात मिळत नाही. ते पाहावयास भाद्रपदात सड्यावर जावे लागते.

बेळगावहून जांबोटी ओलांडून चोर्ल्याच्या बाजूस गेले म्हणजे जांभ्या दगडाची उघडी पठारे लागतात. आपण त्यांना सडे म्हणतो. उन्हाळ्यात या सड्यांवर अनवाणी पाय ठेववत नाही. काळातांबूस कातळ, त्यातील भेगांत वितभर माती, आणि वाळून गेलेले गवत. येथे काही उगवत असेल असे वाटतही नाही. तोच सडा गणपतीनंतर पाहावा. तेरड्याचा गुलाबी रंग, सीतेच्या आसवांचा जांभळा, आणि त्यांच्या मधून दूरवर पसरलेला पिवळा धमक रंग. या पिवळ्यात पुष्कळ वाटा कवल्याचा असतो. पण कवला शेंगांच्या कुळातला, त्याचे फूल वाटाण्याच्या फुलासारखे. ज्याचे फूल लहानशा सूर्यफुलासारखे गोल दिसते, मध्ये बटण आणि भोवती पाकळ्यांचे चक्र, ते झाड सोनकीचे.

सोनकी भारताबाहेर कोठेही आपोआप उगवत नाही, आणि भारतातही तिचे खरे घर म्हणजे सह्याद्री. साताऱ्याजवळचे कासचे पठार, महाबळेश्वर, पाचगणी, आणि दक्षिणेकडे आपल्या घाटमाथ्यापर्यंत ती भेटते. उंची फार तर गुडघ्याएवढी. वाऱ्याच्या उघड्या माऱ्यात तर ती वीतभरच राहते. पाने एकाआड एक, कडा करवतीसारख्या दंतुर, खालच्या पानांना देठ आणि वरची पाने जवळजवळ खोडाला चिकटलेली. शेंड्याकडे फांद्या फुटतात आणि प्रत्येकीच्या टोकास पिवळी फुले येतात.

येथे आम्हांस एक दुरुस्ती करावी लागेल. ज्याला आपण सोनकीचे फूल म्हणतो ते एक फूल नव्हेच.

हे पुस्तकातून वाचून पटत नाही, म्हणून आम्ही ते मुलांना उघडून दाखवितो. एक फूल घ्यावे, उलटे करावे. पाठीमागे हिरव्या लहान पानांचा एक पेला दिसेल. साधे फूल असते तर तो निदलपुंज ठरला असता. पण येथे तो साऱ्या मेळाव्याभोवती घातलेला कुसू आहे. सोनकीत या पानांची एकच मुख्य रांग असते, बुडाशी फार तर एक-दोन इवलाली पाने. सूर्यफुलात त्यांच्या कित्येक रांगा एकीवर एक चढलेल्या असतात. आता दाढीच्या पात्याने फूल मधोमध उभे कापावे आणि भिंगाखाली धरावे. पेल्याच्या तळावर दाटीवाटीने उभ्या असलेल्या बारीक बारीक नळ्या दिसतील. त्यांतील एकेक नळी टाचणीने अलग करून पाहिली की मुलांच्या तोंडून हमखास एकच उद्गार निघतो, कारण त्या प्रत्येक नळीला स्वतःच्या पाच पाकळ्यांची टोके आहेत, स्वतःचे केसर आहेत, खाली स्वतःचा अंडाशय आहे. प्रत्येक नळी एक संपूर्ण फूल आहे!

आणि भोवतालच्या पाकळ्या? त्याही पाकळ्या नव्हेत. प्रत्येक तथाकथित पाकळी हेही एकेक फूलच. तिची नळी एका बाजूस चिरून जिभेसारखी लांब झालेली असते. या कडेच्या फुलांत पुंकेसर नसतात, केवळ जायांग असते. त्यांची संख्या दहाच्या आसपास असते, पण सर्व फुलांत सारखी नसते. विद्यार्थ्यांनी ती स्वतः मोजावी. कीटकास लांबून बोलाविण्याचे काम या कडेच्या फुलांचे, आणि मधल्या नळ्यांचे काम पराग देण्याचे व बी धरण्याचे. एखाद्या गावाने जत्रेसाठी कडेच्या घरांना रंग द्यावा तसा हा प्रकार आहे. एका माशीने या बटणावरून एकदा चालत जावे, की तिच्या पायांनी अनेक फुलांची कामे एका फेरीत होतात. इतक्या लहान फुलांनी एकेकटे उभे राहून माशीची वाट पाहिली असती तर किती जणांच्या दारी ती गेली असती?

मधल्या फुलातील केसरांची रचना तर भिंगाखाली मुद्दाम पाहावी. पाच परागकोष कडांनी एकमेकांस जोडलेले असतात, त्यामुळे त्यांची एक बारीक नळी बनते. पराग त्या नळीच्या आत सुटतात. मग खालून कुक्षीवृंत वाढू लागतो आणि पिचकारीच्या दट्ट्याप्रमाणे ते पराग वर ढकलतो. त्या वेळी त्याची दोन टोके मिटलेली असतात. टोकांवर बारीक केसांचा कुंचला असतो. पराग बाहेर पडून गेल्यावर ती टोके उघडतात, मागे वळतात आणि दुसऱ्या फुलाचे पराग घेण्यास तयार होतात. आधी देणे आणि मागाहून घेणे, असा क्रम आहे. फुले कडेकडून मध्याकडे उमलत जातात, म्हणून एकाच बटणात कडेला घेणारी फुले, त्यांच्या आत देणारी फुले आणि मध्यभागी अजून मिटलेल्या कळ्या, अशी तीन वयांची वस्ती एका वेळी पाहावयास मिळते.

आता या झाडाचे नाव. सोनकी हे आपले नाव सोन्यावरून आले, त्यास भाष्याची गरज नाही. शास्त्रीय नाव सिनेसिओ बॉम्बेयेन्सिस. पूर्वीच्या ग्रंथांत ते सिनेसिओ ग्रॅहॅमी असे आढळते. जॉन ग्रॅहॅम हे मुंबईच्या टपालखात्यातील अधिकारी. नोकरी सांभाळून त्यांनी मुंबई व आसपासच्या वनस्पतींची यादी केली. ती १८३९ मध्ये छापली गेली आणि त्याच वर्षी खंडाळ्यास त्यांचा अंत झाला. राहिलेला भाग त्यांचे मित्र निम्मो यांनी पुरा केला. टपालातील माणसाने केलेली ही यादी आजही अभ्यासकांना उघडावी लागते. पण ग्रॅहॅमी हे नाव त्याच वंशातील दुसऱ्या एका परदेशी झाडास आधीच दिलेले होते, आणि एकाच वंशात एक नाव दोन झाडांना ठेवता येत नाही. म्हणून आमच्या सोनकीस मुंबईचे नाव मिळाले. बेळगावकरांनी रुसण्याचे कारण नाही. सह्याद्रीत सोनकीच्या आणखी बहिणी आहेत आणि त्यांतील एकीचे नाव सिनेसिओ बेलगामेन्सिस असेच आहे! मद्रास इलाख्यातील वनस्पतींची चित्रे रंगय्या व गोविंदू या भारतीय चित्रकारांकडून काढवून घेणाऱ्या रॉबर्ट वाइट या डॉक्टरांनी तिला आपल्या गावाचे नाव दिले.

पण आम्हांस सर्वांत गंमत वाटते ती सिनेसिओ या वंशनावाची. लॅटिन भाषेत 'सेनेक्स' म्हणजे म्हातारा. फुले सुकली की बियांच्या डोक्यावर पांढऱ्या शुभ्र केसांचा झुबका येतो, त्यावरून त्या लोकांनी हे नाव दिले. आता आपल्याकडे वाऱ्यावर तरंगत येणाऱ्या रुईच्या किंवा सावरीच्या पांढऱ्या बीस मुले काय म्हणतात? म्हातारी! हजारो कोसांवरील दोन भाषांतील लोकांना पांढऱ्या केसांचे तेच बी पाहून तीच उपमा सुचली, आणि कोणी कोणास विचारावयास गेले नव्हते.

ही म्हातारी सोनकीच्या आयुष्यात किती मोलाची आहे, हे समजण्यासाठी तिच्या वर्षाचा हिशेब मांडला पाहिजे. सोनकी वर्षायू आहे. जूनच्या सरींनी भेगेतील बी रुजते, जुलैच्या धुक्यात रोप वाढते, ऑगस्टच्या अखेरीपासून फुले येतात, ऑक्टोबरात बी पिकते, आणि नोव्हेंबरात झाड मुळासकट वाळून जाते. पुढच्या पावसात उगवणारी सोनकी ही ती नव्हे. ती तिची मुलगी. शेजारच्या रानहळदीची गोष्ट निराळी. तिचे पान गुरांनी खाल्ले, फूल कोणी तोडले, तरी जमिनीत कंद शिल्लक असतो. ती पुढच्या वर्षी त्याच जागी डोके वर काढते. कारवीचे झुडूप तर सात-आठ वर्षे नुसते वाढत राहते आणि मग एकदा फुलून मरते. कारवी फुलली की वर्तमानपत्रांत बातमी येते आणि गाड्या भरभरून लोक जातात. सोनकी दरवर्षी फुलते म्हणून तिची बातमी होत नाही. वास्तविक डिसेंबरापासून मेपर्यंत, जेव्हा सडा तव्यासारखा तापलेला असतो, तेव्हा त्या सड्यावरची सारी सोनकी केवळ बियांच्या रूपाने जिवंत असते. कंद नाही, खोड नाही, मुळी नाही. जे काही आहे ते त्या भेगांतील बियांत.

हे आम्ही वर्गात फळ्यावर लिहून शिकवीत होतो, आणि तरीही आमच्या हातून जे घडले ते येथे सांगणे प्राप्त आहे.

काही वर्षांपूर्वी शाळेत विज्ञानाचे प्रदर्शन होते. आमच्या निसर्गाभ्यास मंडळाने "आपल्या सड्यांची फुले" असा विभाग मांडण्याचे ठरविले. ऐन फुलोऱ्यात आम्ही चाळीसएक मुले घेऊन एका सड्यावर गेलो. पातळ मातीतील सोनकी हलकेच ओढली तरी मुळासह हातात येते. मुलांना चेव आला. कोणी ओंजळभर, कोणी भाराभर. रस्त्याच्या बाजूचा एक चांगला मोठा तुकडा अर्ध्या तासात मोकळा झाला. आम्ही उभे राहून पाहत होतो. आम्हीच कौतुक केले, हेही लिहिले पाहिजे. तेथे एक वृद्ध बाई गवत कापीत होत्या. त्यांनी विळा थांबविला आणि म्हणाल्या,

"गुरुजी, समदं मुळासकट उपटून चालवलासा, तर फुडच्या वर्साला बी कुठनं पडायचं?"

"मावशी, सडा केवढा मोठा आहे! एवढ्याने काय होते?" आम्ही म्हटले.

त्या काही बोलल्या नाहीत. पुन्हा गवत कापू लागल्या.

प्रदर्शनात सोनकी दोन दिवसांत माना टाकून बसली. तिसऱ्या दिवशी शिपायाने ती बाहेर टाकली. पुढच्या वर्षी त्याच सुमारास आम्ही त्याच जागी गेलो. सडा पिवळा होता, पण आम्ही हात लावलेला तुकडा हिरवा होता. तेथे गवत माजले होते आणि सोनकी कडेकडेने, तुरळक. मुलांनी आमच्याकडे पाहिले. कोणी काही विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते.

शास्त्राच्या विद्यार्थ्याने एका वर्षावरून सिद्धान्त बांधू नये, हेही खरे. पाऊस दरवर्षी सारखा नसतो, गवत एकदा वरचढ झाले की लहान रोपांना ऊन मिळत नाही, आणि जमिनीत मागील वर्षांचे काही बी दडून राहिलेलेही असू शकते. म्हणून आम्ही त्या तुकड्याच्या चार कोपऱ्यांना दगड ठेवले आणि दरवर्षी पाहावयाचे ठरविले. त्या वर्षापासून तेथील एक पानही आम्ही तोडलेले नाही. त्यानंतरच्या पावसाळ्यात कडेची सोनकी आत सरकलेली दिसली, आणि त्याच्याही पुढच्या वर्षी दगड शोधावे लागले इतका तो तुकडा भोवतालच्या सड्यात मिसळून गेला होता. हे बी कोठून आले? आमचा तर्क असा, की ते शेजारच्या झाडांवरून आले. पांढऱ्या केसांच्या म्हाताऱ्या वाऱ्याबरोबर दोन-चार हात सरकल्या आणि भेगांत जाऊन बसल्या. म्हणजे त्या मावशींचे म्हणणे बरोबर होते आणि आमचेही अगदीच चूक नव्हते, पण केवळ भोवतालचा सडा शाबूत होता म्हणून.

तो सर्वत्र शाबूत राहत नाही, ही खरी काळजी आहे. सड्यास सरकारी कागदांत बहुधा पडीक म्हणतात. तेथे चिऱ्याच्या खाणी निघतात, सपाट जागा म्हणून घरे उठतात, मोटारी गवतातून फिरविल्या जातात. एकदा कातळावरची वितभर माती खरवडली गेली की म्हातारी उडत येऊन बसणार कोठे? कासच्या पठाराचा समावेश युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत केला, आणि पुढे फुलांच्या दिवसांत तेथे येणाऱ्या लोकांची गर्दी इतकी वाढली की रोजच्या संख्येस मर्यादा घालावी लागली. आपल्या बाजूच्या लहानसहान सड्यांना असे नाव नाही आणि पहाराही नाही.

सोनकीच्या वाटेत दुसराही एक परका येऊन उभा आहे, आणि तो दिसावयास तिच्यासारखाच गोड आहे. घाटरस्त्यांच्या कडेला, हॉटेलांच्या अंगणाबाहेर अलीकडे पिवळी-नारिंगी फुले दाटून आलेली दिसतात. प्रवासी त्यांचीच छायाचित्रे "सह्याद्रीची रानफुले" म्हणून घेतात. तो बहुधा कॉसमॉस असतो. मेक्सिकोकडचा, बागेतून सुटलेला. त्याचे बी कोणी हौसेने रस्त्यावर फेकते, म्हणे सौंदर्य वाढावे! ओळख अवघड नाही. सोनकीची पाने एकाआड एक व अखंड, कॉसमॉसची समोरासमोर व गाजराच्या पानासारखी चिरलेली. सोनकीच्या पेल्यास पानांची एक मुख्य रांग, कॉसमॉसच्या पेल्यास स्पष्ट दोन. याच कुळातील गाजरगवत १९५५-५६ च्या सुमारास पुण्यास प्रथम नोंदले गेले आणि पुढे सारा देश त्याने व्यापला, हे ज्येष्ठ वाचकांना ठाऊक असेलच. त्याचे बी कोणी हौसेने फेकले नव्हते, तरी ही गत.

एक सूचना पालकांसाठी. सोनकीच्या वंशातील व निकटच्या नात्यातील अनेक झाडांत यकृतास अपाय करणारी द्रव्ये असतात. इंग्लंडात रॅगवर्ट नावाच्या तिच्या नातलगाने घोडे व गुरे दगावतात. तेव्हा "रानातले आहे, औषधीच असेल" या समजुतीने तिचा काढा वगैरे करण्याच्या भरीस कोणी पडू नये. पाहण्यास, मोजण्यास व चित्र काढण्यास ती पुरेशी आहे.

चित्रावरून आठवले. प्रदर्शनात आता आमचा विभाग असतो तो चित्रांचा. गेल्या खेपेस आठवीतील एका विद्यार्थ्याने सोनकीच्या एका नळीफुलाचे चित्र पूर्ण कागदभर काढले होते. आत परागकोषांची नळी आणि तीतून डोके काढणारा कुक्षीवृंत. बघणाऱ्यांपैकी पुष्कळांना ते कोणत्या तरी यंत्राचे चित्र वाटले. खाली नाव वाचून लोक परत मागे फिरत आणि पुन्हा पाहत.

यंदाची सहल आम्ही मुद्दाम उशिरा, दिवाळीच्या आसपास नेणार आहोत. त्या वेळी सडा पिवळा नसेल. फुले सरलेली असतील आणि वाळक्या देठांवर पांढरे झुबके आलेले असतील. यावेळी फुले नव्हे, म्हाताऱ्या पाहावयाच्या आहेत. ज्यांस यावयाचे असेल त्यांनी भिंग, टाचणी, वही व पेन्सिल बरोबर घ्यावी. पिशवी आणू नये.